फिलोमिनाचा नंबर

“आक्का, मला जे झालंय ते झालेली एक तरी बाई मला दाखवा की हो,” रेणुका म्हणाली. “जिवंत असलेली.”

लातूरहून आम्ही अंबाजोगाईला परत येत होतो. केमोचा दिवस होता. भाड्याची गाडी, पुढे ड्रायव्हरशेजारी माझा धाकटा भाऊ बालाजी, मागे आम्ही दोघी. रेणुका माझी भावजय. उलटी आली तर हाताशी असावी म्हणून तिने प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर उघडून धरली होती. ती जे बोलली ते गाडीत सगळ्यांना ऐकू गेलं. बालाजी मागे वळला नाही. त्याने ड्रायव्हरला विचारलं, “यंदा सोयाबीन कसं आहे तुमच्याकडं?”

ड्रायव्हर बिचारा बराच वेळ सोयाबीनवर बोलत राहिला. रेणुकाने काचेला डोकं टेकून डोळे मिटले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ती गाडी, ती उघडी पिशवी आणि ते सोयाबीन अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

रेणुकाला अंडाशयाचा कॅन्सर होता. कळला तेव्हाच तो पोटात पसरलेला होता. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, पण आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं. बालाजी ‘पोटाचा त्रास’ म्हणायचा. कुणाचा फोन आला की, “हां, पोटाची ट्रीटमेंट चालू आहे, आता बरीच सुधारणा आहे.” त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, जुन्या तारा काढून नव्या भरायच्या, की ती फिरायला लागते, हे तो आयुष्यभर बघत आलेला. बायकोही तशीच उठून कामाला लागेल हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि त्याविरुद्धचं एक अक्षरही त्याला ऐकायचं नव्हतं. वाईट नव्हता तो. तिच्यासाठी उन्हातान्हात धावला, दवाखान्याच्या बाकांवर झोपला. फक्त बोलला नाही.

आणि रेणुका म्हणजे बोलल्याशिवाय घास न उतरणारी बाई. मूलबाळ नव्हतं, पण घर कधी गप्प नसायचं. भाजीवालीला पाटी उचलू द्यायची नाही, दूधवाल्याला दारातून हलू द्यायची नाही. आजारपणात लोक भेटायला यायचे, नाही असं नाही. पण बसायचे आणि भलतंच बोलायचे. नळाला पाणी कधी आलं, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं. “चेहरा किती तजेलदार दिसायलाय आज,” म्हणून उठायचे. समोरच्या मंगलने तर हळदीकुंकवाला बोलावणंच सोडलं. “उगी तुम्हाला दगदग,” म्हणाली.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर भावाकडेच राहत होते. उमेदीची सगळी वर्षं लोकांचे फोन जोडून देण्यात गेली, मग हिला एक बाई जोडून देता येऊ नये? गाडीत बसल्या बसल्याच मी ठरवलं, शोधून तर बघू.

दुसऱ्या दिवशी बालाजी दुकानात गेल्यावर आम्ही दोघी पलंगावर माझा फोन घेऊन बसलो. सुरुवातीला सापडलं ते सगळं इंग्रजीत. परदेशातल्या बायका, डोक्याला रंगीत रुमाल, मागे समुद्र. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. मी अडखळत वाचून सांगत होते.

“ह्या काय म्हणायल्यात?”

“म्हणतात, लढा सोडू नका.”

“लढायचं कुणाशी? माझंच पोट आहे ते.”

मग फेसबुकवर हिंदी-मराठी मिसळलेला एक ग्रुप सापडला. हजारोंनी माणसं त्यात. रेणुकाने फोन माझ्या हातातून घेतला आणि एका बोटाने अक्षर अक्षर शोधून लिहिलं, ‘मला अंडाशयाचा कॅन्सर आहे. तुमच्यात कुणाला आहे का?’ तो शब्द तिने पहिल्यांदाच लिहिला. लिहून झाल्यावर फोन असा धरला, जणू तो हातात फुटणार आहे.

उत्तरं भराभरा आली. एकाने कसल्याशा पानांचा काढा सांगितला, एकाने गोमूत्र, एकाने मंत्र. एकाने नंबर मागून घेतला आणि लगेच फोन करून सांगितलं की केमो आजच्या आज बंद करा, माझ्याकडे या. ‘मलाही आहे’ असं मात्र कुणीच लिहिलं नाही.

“बाजारात उभं राहिल्यासारखं वाटायलंय,” रेणुका म्हणाली. “बंद करा ते.”

मी मात्र बंद केलं नाही. चार-पाच दिवस शोधत राहिले. शेवटी रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या पानावर, अगदी तळाला, एक नंबर दिसला. फोन नाशिकला लागला. वैजयंतीताई नावाच्या बाई होत्या. स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या. आवाज शाळेतल्या बाईंसारखा, स्पष्ट.

“आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, फक्त रुग्ण बायकांचा,” त्या म्हणाल्या. “शनिवारी दुपारी व्हिडिओवर भेटतो. घरच्या माणसांना आत घेत नाही. तुम्हालाही नाही, रागावू नका.”

“नाही हो, रागवायचं काय त्यात?”

“औषधं सुचवायची नाहीत, देवाचे फोटो टाकायचे नाहीत. आणि कुणी गेलं तर ती बातमी ग्रुपवर टाकायची नाही. एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.”

मी सांगून ठेवलं. रेणुकाने मान हलवली. तेव्हा तिला फक्त आत जायचं होतं.

पहिल्या शनिवारी तिने साडी बदलली. केस गेलेल्या डोक्याचा रुमाल सोडून पदर डोक्यावरून घेतला, मग तोही काढून टाकला आणि तशीच, उघड्या डोक्याने फोनसमोर बसली. मी दार लोटून स्वयंपाकघरात गेले. जरा वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. किती महिन्यांनी! मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहिले.

बाहेर आली ती बोलतच. “आक्का, एक बाई आहे वसईची. फिलोमिना. फिलोमिना तुस्कानो. तिला माझाच आहे हो! हुबेहूब! तिचंही पोट फुगलं तेव्हा सगळे गॅसच म्हणाले.” नातेवाईक सापडल्याचा आनंद होता तिच्या तोंडावर. असल्या गोष्टीचा आनंद होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर त्या दोघींचं रोजचं सुरू झालं. दुपारी बालाजीचं जेवण झालं, तो दुकानात गेला, की रेणुका फोन घेऊन आडवी व्हायची. बोटांना मुंग्या येतात का, तोंडाला कसली चव येते, संडासचं काय, नवरा जवळ झोपतो का. सगळं बोलायच्या. फिलोमिनाची केळीची वाडी होती. ती विचारायची, “तुमच्याकडे काय पिकतं?” रेणुका म्हणायची, “आमच्याकडं नुसतं ऊन पिकतं,” आणि दोघी खिदळायच्या. एकदा चहा घेऊन गेले तर रेणुका हलक्या आवाजात सांगत होती, “ह्यांना वाटतं, मला काही कळतच नाही.” मला बघून ती गप्प झाली नाही. पण मीच कप ठेवून बाहेर आले.

उन्हाळा संपता संपता फिलोमिनाचे फोन थांबले. आधी म्हणाली, थकवा आहे, नंतर बोलू. मग तेही नाही. रेणुका मेसेज टाकत राहिली. ‘आज कशी आहेस?’ ‘इकडं पाऊस नाही, तुमच्याकडं आहे का?’ ‘जेवलीस?’ शनिवारी तिने विचारलंही, फिलोमिना का दिसत नाही. वैजयंतीताई म्हणाल्या, त्या सध्या विश्रांती घेतायत.

त्याच सुमारास रेणुकाचं नवं स्कॅन झालं. डॉक्टरांनी बालाजीला आणि मला आत बोलावलं. ती बाहेर बाकावर. डॉक्टर तरुण होते, नजर खाली ठेवून बोलले. केमोला आजार दाद देत नाहीये. पोटात पुन्हा पाणी धरलंय. आता आपण फक्त त्रास कमी ठेवायचं बघू.

बालाजी काही क्षण टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, “तिला ह्यातलं काही कळता कामा नये, डॉक्टर.” माझ्याकडे बघून, “आक्का, तूसुद्धा सांगायचं नाहीस.”

बाहेर येऊन तो मोठ्या आवाजात म्हणाला, “डॉक्टर म्हणायलेत, शरीराला जरा विश्रांती द्यायची. मग पुन्हा सुरू करू.”

रेणुकाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चपला शोधू लागली. त्या तिच्या पायांतच होत्या.

घरी आल्यावर मी गच्चीवर जाऊन वैजयंतीताईंना फोन लावला. कुणाला तरी सांगायचं होतं मला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी सहज विचारलं, “आणि फिलोमिनाबाई?”

त्या म्हणाल्या, “गेल्या त्या. झाले काही दिवस. रेणुकाताईंना आता सांगू नका. ह्या अवस्थेत नको.”

मी दोरीवरचे कपडे काढले, घड्या केल्या, खाली आले. रेणुका उशीला टेकून फोनकडे बघत होती.

“आक्का, हे बघा,” ती म्हणाली. “सकाळी पाठवलेलं, आत्ता निळं झालं. रोज वाचती ही. वाचती आणि बोलत नाही.” तिने फोन उशीवर पालथा घातला. “माझं काही चुकलं का हो? मागं मी तिच्या नवऱ्यावरून चेष्टा केली होती. त्याचा तर राग आला नसंल?”

मी घड्या केलेले कपडे पलंगावर ठेवले. बालाजीचा शब्द होता, वैजयंतीताईंचा शब्द होता. पण मैत्रीण आपल्यावर रुसली आहे असं समजून ही बाई कुढत बसलेली मला बघवलं नाही.

“रेणुका, ती रुसली नाही गं. फिलोमिना गेली.”

ती रडली नाही. फोनच्या पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग हे वाचायलंय कोण?”

मी काही म्हणायच्या आत तिने नंबर लावला, आवाज मोठा करून फोन दोघींच्या मध्ये ठेवला. बराच वेळ वाजत राहिला. मग पुरुषाचा आवाज आला.

“हॅलो.”

“मी रेणुका बोलायले. अंबाजोगाईहून.”

“हो,” तो माणूस म्हणाला. “ओळखलं. मी आग्नेल. फिलोमिनाचा मिस्टर.”

“मेसेज तुम्ही वाचायलाव?”

“हो. रोज वाचतो. उत्तर द्यावं असं पुष्कळदा वाटलं. पण ती गेली असं लिहिलं असतं, तर तुम्ही पाठवायचं थांबवलं असतं.”

पलीकडे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मग रेणुका म्हणाली, “भाऊ, एक विचारू का? मला इथं कुणी खरं सांगत नाही. तुम्ही सांगाल?”

“विचारा.”

“शेवटी कसं झालं तिचं?”

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला.

“तुम्हालाही तोच आहे ना?” आग्नेल म्हणाला.

“तोच आहे. म्हणून तर विचारायले.”

तो हळूहळू बोलू लागला, आठवून आठवून. पोटातलं पाणी काढायचे, ते परत भरायचं. आधी जेवण गेलं, मग प्यायलेलं पाणीही पोटात ठरेना. दुखायचं फार. गोळ्या वाढवल्यावर दुखणं दबलं, पण मग ती झोपूनच असायची. शेवटचे दोन दिवस डोळे उघडले नाहीत.

“घाबरली होती का?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“मी विचारलंच नाही तिला.” त्याचा आवाज कोरडा झाला. “एकदा म्हणाली, आग्नेल, मी आता जाणार. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, पुन्हा असलं बोलायचं नाही. मग नाही बोलली ती. मला वाटलं, बरं झालं, डोक्यातून गेलं तिच्या.” मग त्याने विचारलं, “तुमच्याशी बोलायची का ती त्यातलं?”

रेणुकाने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणून तिला सुटता आलं असतं.

“बोलायची,” ती म्हणाली.

“काय म्हणायची?”

“म्हणायची, लई भीती वाटती. आणि म्हणायची, आग्नेलला चहासुद्धा करता येत नाही, त्याचं कसं होणार.”

पलीकडून जो आवाज आला, तो मी इथे लिहू शकत नाही. मोठा माणूस होता. रेणुका तो आवाज थांबेपर्यंत फोन धरून बसली. “रडा,” एवढंच म्हणाली. फोन त्यानेच ठेवला.

खोलीत ऊन आलं होतं. तिने पाय उन्हातून बाजूला घेतले.

“आक्का, आज आत डॉक्टर काय म्हणाले?”

मी सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. ती मान हलवत ऐकत होती, रस्ता विचारून घ्यावा तसं. शेवटी म्हणाली, “बरं.” मग पाणी मागितलं.

संध्याकाळी तिने ग्रुपवर लिहिलं, ‘फिलोमिना आपल्यात नाही. माझेही उपचार डॉक्टरांनी थांबवले आहेत. मला भीती वाटते. कुणाशी तरी बोलायचे आहे.’ तो मेसेज काही मिनिटंच राहिला. वैजयंतीताईंनी काढून टाकला, आणि लगेच त्यांचा फोन आला.

“रेणुकाताई, मला माफ करा,” त्या म्हणाल्या. त्याही रडत होत्या. “मागे एकदा अशी बातमी ग्रुपवर आली, आणि दोघींनी केमोच सोडली. बऱ्या होण्यासारख्या होत्या हो त्या. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

“तुम्ही बरोबर केलंत,” रेणुका म्हणाली. तिला राग आला नव्हता, ते मला दिसत होतं. त्याच रात्री तिने ग्रुप सोडला. “त्यांना अजून पुढं जायचंय, आक्का. त्यांच्यापुढं मी कशाला बसू?”

वैजयंतीताई नंतरही दोन-तीनदा बोलल्या तिच्याशी. पण त्या बऱ्या झालेल्या होत्या. बोलता बोलता त्याच अवघडायच्या आणि रेणुकाच त्यांना धीर द्यायची.

मग एके सकाळी तिने मला विचारलं, “आक्का, ज्यांचं आता काहीच व्हायचं नाही, अशांचा ग्रुप असतो का हो?”

आम्ही पुन्हा शोधायला बसलो. मी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. जिकडेतिकडे जिंकलेल्या बायकांचे फोटो. आशा सोडू नका, आशा सोडू नका. कुठे असेलही तसा ग्रुप, आम्हाला सापडला नाही.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुम्ही आहात की.”

मी होते. रोज तिच्याजवळ बसत होते, ती बोलेल ते ऐकत होते. पण मला ते झालेलं नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं. हळूहळू तिचं बोलणं आटत गेलं.

शेवटी शेवटी ती फक्त पेज घ्यायची, तीही बालाजीच्या हातून. दोन-चार चमचे. एक दिवस तो भरवत असताना तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. मी दारात उभी होते, आत जावं की नको असं करत.

“अहो, ऐका ना,” ती म्हणाली. “मी आता ऱ्हात नाही.”

बालाजीचा हात तसाच राहिला. चमच्यातली पेज चादरीवर सांडली. “असलं काही बोलायचं नाही,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणालेत ना, विश्रांती द्यायची शरीराला. दिवाळी झाली की पुन्हा सुरू करायचं. मग आपण तिरुपतीला जाऊ. बरी होणारेस तू.” त्याचा आवाज चढत गेला आणि मधेच फाटला. “होणारेस की नाही? सांग की! होणारेस की नाही?”

रेणुका त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. फिलोमिनाच्या नवऱ्याचा तो आवाज तिने ऐकला होता. त्यानंतर ती गप्प बसणार नाही, असं मला वाटलं.

“हो,” ती म्हणाली. “होईन.”

आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

दिवाळीच्या आधीच ती गेली, सकाळच्या वेळी. पाणी काढायला पोटाला टोचणं, उलट्या, गोळ्यांची गुंगी, सगळं आग्नेलने सांगितल्याप्रमाणे झालं. तिला पुढचं प्रत्येक पाऊल आधीच माहीत होतं. ते माहीत असल्याने काही सोपं झालं का? झालं असं मला तरी दिसलं नाही. तिची नजर दाराकडे असायची, कुणाची वाट बघितल्यासारखी. कुणी यायचं नव्हतं.

बालाजी आता म्हातारा झाला. दुकान दुसऱ्याला चालवायला दिलंय. जेवायला आम्ही दोघं समोरासमोर बसतो. फारसं बोलत नाही तो. पण परवा ताटावर बसलेला असताना एकदम म्हणाला, “आक्का, सगळं हातचं गेलं. पण एक मात्र आपण चांगलं केलं.”

“काय रे?”

“शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाही. बिचारी आशेवर गेली.”

तो माझ्याकडे बघत होता. मी भाकरीचा तुकडा मोडला, तो त्याच्या ताटात वाढला आणि म्हटलं, “हो रे.”